नळाची चावी आणि उजेडाची तलवार

'बेगड' हा शब्द मराठीत आधी वस्तूचे नाव होता, दूषण तो नंतर झाला. बेगड म्हणजे रंगीत, चकचकीत, कागदासारखा पातळ पत्रा. मखराला, ताबुताला आणि नाटकातल्या लाकडी तलवारीलाही तो चिकटवीत. दिव्यांच्या उजेडात तलवार लखलखायची आणि पडदा पडला की ट्रंकेत जायची. यावरूनच 'बेगडी' म्हणजे खोटे, वरवरचे, असा अर्थ रूढ झाला. जिचा जन्मच बेगडी आहे अशा एका तलवारीचा इतिहास मी इथे मांडणार आहे. ती ना कोणा लोहाराने घडवली, ना ती कोणत्या लढाईत चालली. तरीही तिची एक प्रत २०२५ मध्ये लिलावात ३६ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. दुसरीकडे जगभरातली माणसे तशीच तलवार हार्डवेअरच्या दुकानातल्या पाइपातून घरी करतात. या दोन तलवारींपैकी अस्सल कोणती, हा वरवर पोरकट वाटणारा प्रश्नच या लेखाचा विषय आहे.

माझी इतिहासाची पदवी नाही. पाणीपुरवठ्याची कामे घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी सव्वीस वर्षे स्टोअर सांभाळले. पाइप, कपलर, एल्बो, रिड्यूसर, एंड कॅप यांच्या नोंदी करण्यात उमेद गेली. चित्रपटातली तलवार आणि नळाचे सामान यांचा संबंध पहिल्यांदा वाचनात आला, तेव्हा वाटले की या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार स्टोअरकीपरलाही आहे.

लंडनमधली अडगळ

'स्टार वॉर्स' हा जॉर्ज लुकास यांचा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातल्या जेडाय योद्ध्यांच्या हातात लाइटसेबर असते. हातभर मूठ, आणि कळ दाबली की तिच्यातून निघणारे उजेडाचे पाते. चित्रपट अमेरिकेचा असला तरी त्याचे बरेचसे चित्रीकरण लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झाले आणि वस्तूही तिथेच तयार झाल्या. सेट सजवण्याची जबाबदारी रॉजर ख्रिश्चन या तरुण इंग्रज कलाकारावर होती. लुकास यांना चकचकीत, कोरे करकरीत भविष्य नको होते. वापरून झिजलेले, डाग पडलेले, दुरुस्त केलेले जग त्यांना हवे होते. शिवाय पैसा बेताचा होता. ख्रिश्चन यांनी त्यातून मार्ग काढला. भंगारातल्या विमानांचे भाग विकत आणून त्यांनी अंतराळयानाच्या आतल्या भिंती सजवल्या, आणि खऱ्या बंदुकांवर प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून त्यांतून भविष्यातल्या बंदुका उभ्या केल्या.

लाइटसेबरची मूठ काही केल्या मनासारखी जमत नव्हती. अखेर ख्रिश्चन लंडनमधल्या फोटोग्राफीच्या सामानाच्या एका दुकानात गेले. तिथे एका खोक्यात त्यांना ग्राफ्लेक्स कंपनीचे जुने फ्लॅश-हँडल सापडले. ही कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातली. तिचा 'स्पीड ग्राफिक' हा कॅमेरा १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकी वृत्तछायाचित्रकारांच्या हातात असायचा. रात्रीच्या न्यूयॉर्कमधले गुन्हे आणि अपघात टिपणारा प्रसिद्ध छायाचित्रकार वीजी याचा कॅमेराही हाच होता. कॅमेऱ्याच्या बाजूला फ्लॅशची उभी नळी बसवत. तिच्यात तीन मोठे सेल आणि वरच्या टोकाला बल्ब असे. एका चित्राला एक बल्ब जळे, मग तो काढून नवा लावायचा.

ख्रिश्चन यांनी बल्बमागची परावर्तक तबकडी काढून टाकली. कपाटाच्या सरकत्या दाराला लागते तसल्या पट्टीचे तुकडे कापून ते नळीच्या खालच्या भागाला चिकटवले, म्हणजे पकड आली. मधल्या पकडपट्टीच्या खाचेत खिशातल्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगांची पट्टी बसवली. पट्ट्याला अडकवण्यासाठी खाली एक कडी लावली. एवढ्यावर नायक ल्यूकची तलवार तयार झाली. खलनायक डार्थ वेडरची मूठही याच वाटेने आली. तिचा आधार म्हणजे ब्रिटनच्या एमपीपी या कॅमेरा कंपनीच्या 'मायक्रोफ्लॅश'चे हँडल. कलादिग्दर्शनासाठी १९७८ मध्ये या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, त्यात ख्रिश्चन यांचाही वाटा होता.

टोकाला नळाची चावी

मला सर्वाधिक आवडते ती ओबी-वान या वृद्ध योद्ध्याची तलवार. भूमिका ॲलेक गिनेस यांची. या मुठीचे भाग वेगळे करून पाहिले तर विसाव्या शतकातल्या यंत्रयुगाचे छोटे संग्रहालयच हाती लागते. पाते जिथून निघते ते टोक म्हणजे रोल्स-रॉइसच्या डरवेंट या जेट इंजिनातल्या एका जोडनळीचा भाग. मधला खाचांचा भाग पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल-ग्रेनेडचा. एक भाग ब्राउनिंग मशीनगनच्या नळीच्या तोंडाचा. पकडपट्टी ग्राफ्लेक्सची. आणि मुठीच्या अगदी शेवटी, आपल्या तलवारीला जिथे कटोरी असते त्या जागी, आर्मिटेज शँक्स या इंग्लिश कंपनीच्या नळाची चावी. म्हणजे न्हाणीघरात पाणी सोडायला आणि बंद करायला आपण जी फिरवतो, तीच.

ही यादी एखाद्या विद्यापीठाने केलेली नाही. स्टुडिओच्या दप्तरातही ती तयार मिळाली नाही. चित्रपटातल्या चौकटी, प्रसिद्धीसाठी काढलेली छायाचित्रे, विमानांचे भंगार, जुन्या शस्त्रांचे विक्रेते आणि नळाच्या सामानाची जुनी माहितीपत्रके यांचा ताळा घालत हौशी माणसांनी एकेक भाग ओळखला, आणि त्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली. कोणी छायाचित्रातल्या खाचा मोजल्या, कोणी हातातला तुकडा त्याच कोनात धरून फोटो काढला. ताम्रपट वाचणाऱ्याने अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावा, तसेच हे काम. फरक एवढाच की ताम्रपट वाचणाऱ्याला आपण संशोधक म्हणतो आणि नळाची चावी ओळखणाऱ्याला वेडा. माझ्या मते पद्धत दोघांची एकच आहे.

परदेशी बेगड

मूठ झाली, आता उजेडाच्या पात्याचे काय? विशेष दृश्यपरिणामांचे प्रमुख जॉन स्टीअर्स यांनी सुरुवातीला जो उपाय केला, तो वाचून मला आपली नाटकातली तलवार आठवली. एक दांडा घेतला आणि त्यावर थ्री-एम कंपनीचे 'स्कॉचलाइट' चिकटवले. रस्त्यावरच्या पाट्या गाडीच्या दिव्यात चमकतात त्या याच जातीच्या पदार्थामुळे. त्याच्यावर पडलेला उजेड इकडेतिकडे न पसरता आला त्याच दिशेने परत जातो. मग कॅमेऱ्यासमोर अर्धपारदर्शक आरसा ४५ अंशांत बसवला आणि त्यावरून दिव्याचा झोत नेमका भिंगाच्या रेषेत पात्यावर टाकला. परतणारा उजेड सरळ कॅमेऱ्यात शिरला आणि दांडा जणू स्वतःच पेटल्यासारखा दिसू लागला. मुठीतली छोटी मोटर दांडा गरगर फिरवत राही. तिची वायर नटाच्या बाहीतून आत जाई.

लाकडावर बेगड लावून दिव्यासमोर धरण्याच्या युक्तीत आणि या युक्तीत तत्त्वाचा फरक फारसा नाही. अडचणीही त्याच. दांडे ठिसूळ होते, जोरात आपटले की मोडत. पात्याचे टोक कॅमेऱ्याकडे वळले की उजेड मंदावे. त्यामुळे नंतर चित्रीकरणाच्या फितीवर चौकटीमागून चौकट पाते रंगवून तेजस्वी करावे लागले. हे काम ॲनिमेशनकार नेल्सन शिन यांनी केले. तलवारीचा तो गुणगुणणारा आवाज बेन बर्ट यांनी जमवला, तोही अडगळीतूनच. जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ नेलेल्या मायक्रोफोनमधली खरखर त्यांनी एकत्र केली. तो आवाज स्पीकरवर लावून समोर हातातला मायक्रोफोन फिरवला, तेव्हा तलवार हवेत फिरल्याचा भास झाला. थोडक्यात, या तलवारीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'मुळात तलवारीसाठी केलेले' असे जवळजवळ काहीच नव्हते.

रिकामा खोका आणि घरची कारागिरी

चित्रपट इतका चालेल अशी अपेक्षा खेळणी करणाऱ्या केनर कंपनीलाही नव्हती. १९७७ च्या नाताळापर्यंत तिच्या बाहुल्या तयार झाल्या नाहीत. म्हणून तिने दुकानांत चक्क एक रिकामे पाकीट विकायला ठेवले. आत होते चित्रांचे पुठ्ठ्याचे फलक आणि 'बाहुल्या नंतर पाठवू' असे प्रमाणपत्र! पुढच्या वर्षी कंपनीची लाइटसेबर आली. खाली बॅटरीची मूठ, वर फुगवायचे प्लास्टिकचे पाते, आणि पंक्चर झालेच तर चिकटवायला ठिगळ सोबत. ज्यांना हे मिळाले नाही किंवा मिळून समाधान झाले नाही, त्यांच्यापुढे एकच वाट होती. जे हाताशी आहे त्यातून करा. आणि बहुतेक घरांत, परसात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात हाताशी काय होते? पाइप.

पीव्हीसी हा पदार्थ तसा जुना. त्याचे पाइप पाणी वाहून नेण्यासाठी जर्मनीत १९३० च्या दशकात घातले गेले. महायुद्धानंतर ते जगभर पसरले. महाराष्ट्रात जळगावच्या जैन उद्योगसमूहाने आणि पुण्याच्या फिनोलेक्सने १९८० च्या आसपास या पाइपांच्या धंद्यात पाऊल टाकले, आणि पुढे गावोगावच्या शिवारात राखाडी पाइप दिसू लागले. लोखंडी पाइपाच्या तुलनेत तो हलका, न गंजणारा, साध्या करवतीने कापता येणारा. मुलाच्याही हातात मावेल असा. सॉल्व्हंट सिमेंट लावले की पाइपाचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळून एकजीव होतो. हे नुसते चिकटवणे नव्हे, थंड वेल्डिंगच म्हणा.

लाइटसेबरशी या पाइपाचा मेळ कसा बसतो हे पाहण्यासाठी आधी एक कोडे सोडवू. 'एक इंची' अमेरिकी मापाचा, शेड्यूल ४० चा पाइप घ्या आणि मोजा. बाहेरून तो ३३.४ मिलिमीटर भरतो, आतून साधारण २६.६. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि ते तर कुठेच सापडत नाही! याचे कारण इतिहासात आहे. हे नाव लोखंडी पाइपाच्या काळातले. तेव्हा आतली पोकळी अंदाजे एक इंच धरत. पुढे पोलाद सुधारले, भिंती पातळ झाल्या. पण जुने आटे आणि फिटिंग बसले पाहिजेत म्हणून बाहेरचा व्यास तसाच ठेवला. मग पोकळी वाढली आणि नाव मागे राहिले. प्लास्टिकने तो वारसा जसाच्या तसा उचलला.

हौशी कारागिराच्या पथ्यावर पडला तो हाच इतिहास. पात्यासाठी पॉलिकार्बोनेटची पारदर्शक नळी वापरतात, कारण ती आपटली तरी तडकत नाही. तिचा प्रचलित बाहेरचा व्यास बरोबर एक इंच. म्हणजे २५.४ ची नळी २६.६ च्या पोकळीत जेमतेम सव्वा मिलिमीटर सैल जाते. दोन वेढे टेप आणि बाजूने एक स्क्रू, की पाते बसले. तसेच सव्वा इंची पाइपाची पोकळी ३५ मिलिमीटर, आणि ग्राफ्लेक्सच्या हँडलमध्ये जात तशा मोठ्या सेलचा व्यास ३४ च्या आत. ज्या सेलसाठी रॉचेस्टरच्या कंपनीने आपली नळी बेतली, ते नळकाम्याच्या पाइपातही तितकेच चपखल बसतात. कोणी ठरवून केलेले नाही, पण जमले आहे खरे.

आमच्या वसाहतीच्या वाचनालयात दोन उन्हाळी सुट्यांत मुलांबरोबर मी अशा अकरा तलवारी केल्या. आपल्याकडे माप घेताना जरा जपावे लागते. शेतीचा राखाडी पाइप मिलिमीटरमध्ये आणि बाहेरच्या व्यासाने विकतात, ३२, ४०, ५०, ६३ असा. घरातल्या थंड पाण्याचा पांढरा पाइप इंचात. गरम पाण्याचा क्रीम रंगाचा सीपीव्हीसीही इंचात, पण त्याची मोजणी तांब्याच्या नळीवरून आलेली. त्याच्या 'एक इंची' पाइपाची पोकळी २३.४ मिलिमीटरच्या आसपास असते आणि पात्याची नळी आत शिरतच नाही. तेव्हा दुकानात जाताना नळीचा तुकडा खिशात असावा. मुठीला कपलर म्हणजे उंचवटा, रिड्यूसर म्हणजे निमुळता गळा. सेल बदलावे लागतात म्हणून खालचे टोक सिमेंटने चिकटवायचे नाही, आट्याचे अडॅप्टर आणि प्लग लावायचा. पकडीला रबरी रिंगा. पाइप पॉलिश पेपरने घासून वर चंदेरी स्प्रे. पाइप तापवून वाकवायचा मोह मात्र टाळावा, कारण पीव्हीसी करपले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर सुटतो.

पात्यात उजेड आणणे हे खरे कसब. मुठीतल्या एलईडीचा झोत वर सोडला तर बुडाशी लख्ख आणि टोकाशी अंधार. म्हणून नळीच्या आत ट्रेसिंग पेपरसारखा दुधाळ कागद गुंडाळतात आणि टोकाला आतून आरशाची चकती बसवतात. चकती झोत परत पाठवते आणि कागद तो पसरवतो. स्टीअर्स यांनी उजेड बाहेरून टाकून परतवला होता, इथे तो आतच परतवला जातो. नवलाची गोष्ट अशी की पडद्यावरची तलवार कित्येक वर्षे चित्रीकरणाच्या वेळी निर्जीव दांडाच असे आणि उजेड मागाहून भरला जाई. २०१५ च्या चित्रपटात चित्रीकरण चालू असतानाच पात्यांतून उजेड पडत होता. हौशी मंडळींच्या घरांत तो त्याच्या कितीतरी आधी पडू लागला होता. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये लाइटसेबरच्या द्वंद्वाला अधिकृत क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, तीही अशाच उजेडाच्या पात्यांमुळे शक्य झाली.

मग अस्सल कोणती?

लाइटसेबरच्या शौकिनांत एक उतरंड आहे. सर्वांत वर तो, ज्याच्याकडे खरे ग्राफ्लेक्स हँडल आहे. त्याखाली धातूची कातीव प्रतिकृती. सर्वांत खाली पाइपवाला. पाइपाची तलवार म्हणजे गरिबाची नक्कल, असा समज.

या उतरंडीची किंमत दुसऱ्याच कोणीतरी चुकवली. ल्यूकची मूठ मुळात कशाची आहे हे कळल्यावर ग्राफ्लेक्सच्या हँडलना मागणी आली. एकेकाळी दुकानातल्या खोक्यात धूळ खात पडलेल्या वस्तूची किंमत शेकडो डॉलरांवर गेली. कॅमेऱ्यांपासून हँडल वेगळी झाली, परावर्तक तबकड्या बाजूला पडल्या, पितळी नळ्यांना भोके पडली, पट्ट्या चिकटल्या. जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्राहकांना आज फ्लॅशसह पूर्ण स्पीड ग्राफिक सहजी मिळत नाही. ज्या उपकरणाने एका पिढीची वृत्तचित्रे टिपली, त्याचा स्वतःचा इतिहास एका कल्पित तलवारीच्या इतिहासाखाली दबला. न्याय्य बाजू अशी की तलवारीचे वेड नसते तर यातली बरीच हँडल कधीच भंगारात वितळली असती. शौकिनांनी काही मोडले आणि काही वाचवलेही. तरीही अस्सलतेच्या नावाखाली एका खऱ्या वस्तूची दुसरी खोटी वस्तू करायची, ही त्यातली विसंगती नजरेआड करता येत नाही.

प्रश्न न्यायालयातही एका अंगाने आला होता. त्याच चित्रपटातल्या सैनिकांची पांढरी प्लास्टिकची शिरस्त्राणे करणारे अँड्र्यू आइन्सवर्थ यांनी पुढे ती स्वतः विकायला सुरुवात केली. लुकास यांच्या कंपनीने दावा लावला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले की हे शिरस्त्राण 'शिल्प' नव्हे. चित्रपट तयार करताना उपयोगी पडलेली ती एक वस्तू. शिल्पाला मिळणारे कॉपीराइटचे दीर्घ संरक्षण ब्रिटनमध्ये तिला लागू होत नाही. निकाल शिरस्त्राणापुरता होता, हे खरे. पण त्यातला विचार मला लाइटसेबरला लावून पाहावासा वाटतो. प्रॉपर्टीतली वस्तू कामासाठी जन्मते. तिचे मोल ती काय आहे यात नसते, पडद्यावर ती काय भासली यात असते.

मग निष्ठा कशाशी ठेवायची? वस्तूशी ठेवली तर ग्राफ्लेक्स हवेच. पण पद्धतीशी ठेवली तर उत्तर उलटते. १९७६ मध्ये ख्रिश्चन यांनी जे केले ते असे: पैसे थोडे, वेळ थोडा, म्हणून जवळच्या दुकानात जे स्वस्त आणि कोणाला नकोसे होते ते उचलले, पट्ट्या कापल्या, चिकटवल्या आणि हातात धरून पाहिले. आज जळगावात किंवा जालन्यात एखादी मुलगी हार्डवेअरच्या दुकानात उभी राहून कपलर आणि रिड्यूसर एकमेकांवर ठेवून पाहते, तेव्हा ती नेमके हेच करत असते. दुर्मीळ हँडल महागात मिळवून ते जसेच्या तसे सजवणारा मूळ वस्तूची पूजा करतो. पाइपवाला मूळ कृती पुन्हा करतो. शिवाय त्याच्या हातून कोणाचा जुना कॅमेरा मोडत नाही. गेला तर अर्धा मीटर पाइप जातो.

आपल्याकडे वस्तूंचा इतिहास लिहिताना आपण नेहमी मालकाचे नाव शोधतो. ही तलवार कोणत्या सरदाराची, हा पट्टा कोणत्या स्वारीतला. घडवणाऱ्याचे नाव क्वचित मिळते, आणि लोखंड कुठून आले हे तर कोणी विचारतही नाही. लाइटसेबरच्या बाबतीत हौशी माणसांनी हा क्रम उलटा केला. आधी सुटे भाग ओळखले, मग ते जोडणारे हात शोधले. राजे-योद्धे तर कल्पितच होते, त्यामुळे खरी माणसे तेवढी उरली. फ्लॅशचे हँडल बनवणारे रॉचेस्टरचे कामगार, जेट इंजिनाची नळी कापणारा कोणी, नळाची चावी ओतणारा कोणी. त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते की आपण तलवार घडवतो आहोत. आपल्या संग्रहालयांतल्या तलवारींच्या मुठीही कोणी अशाच नजरेने, भागांपासून मालकाकडे, वाचायला घ्याव्यात असे मला मनापासून वाटते. बेगडाखाली लाकूड कुठले होते, ते कोणी तासले, हे विचारणे म्हणजे खोटे उघडे पाडणे नव्हे. बेगडी वस्तूचा खरा इतिहास तिथूनच सुरू होतो.